घोडीची ढास : औषधाआधी कोठा पाहा

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळच्या गर्दीत एक गृहस्थ दवाखान्यात आले. लग्नाच्या वरातीला घोडी भाड्याने देण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या अंगात कसकस होती, कोरडा खोकला होता. तपासून झाले, चिठ्ठी लिहून झाली, तरी ते खुर्चीवरून उठेनात. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आनखी एक पेशंट हाय. घोडी महिन्यापासून ढासते. तुळशीच्या लग्नानंतरच्या पाच तारखांचा बयाना घेऊन बसलो. माह्या औषधाच्या दोन-चार बाटल्या जास्त लिहून द्या, तिले पाजतो."

वाचकहो, यात हसण्यासारखे काही नाही. पुसदसारख्या गावात घोडी बाळगणाऱ्या माणसाचे वर्षाचे गणित लग्नसराईच्या चार-पाच महिन्यांवर चालते. मंडपाच्या दारात ऐन वेळी घोडी धापा टाकू लागली तर त्या रात्रीची कमाई जाते आणि पुढच्या तारखाही जातात. जनावराच्या खोकल्यासाठी मालक हवालदिल होतो तो उगाच नव्हे. तरीही मी बाटली लिहून दिली नाही आणि त्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवले. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरावर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, माझ्यासारख्या एम.बी.बी.एस.ला नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी बाटली न देण्याची कारणे उरतातच, आणि ती प्रत्येक घोडेवाल्याने समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण पाजण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे जनावराची मान वर ओढून, बांबूच्या नळीने किंवा बाटलीने औषध घशात ओततात. खोकणाऱ्या जनावराची गिळण्याची आणि श्वास घेण्याची वेळ आधीच चुकत असते. अशा वेळी औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत उतरते आणि दोन दिवसांत खरा न्यूमोनिया होतो. साधा खोकला बरा करायला निघालेल्या मालकाने याच पायी जनावर गमावल्याची उदाहरणे कोणताही जुना पशुवैद्यक सांगेल.

दुसरे कारण औषधाचे. माणसाच्या खोकल्याच्या कित्येक औषधांत खोकला दाबणारे द्रव्य असते. घोड्याच्या छातीत चिकट कफ साचलेला असताना खोकला दाबणे म्हणजे घाण आत कोंडून ठेवणे. माणसाला चालणारी काही प्रतिजैविके घोड्याला चक्क विषासारखी बाधतात. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही त्यांतली दोन. त्यांनी घोड्याच्या मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि असा जुलाब लागतो की जनावर दगावू शकते. घोड्याला उलटी करता येत नाही हेही ध्यानात ठेवा. चुकीची वस्तू एकदा पोटात गेली की ती वरून बाहेर पडण्याचा मार्ग नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नयेत. आत जंतुसंसर्ग असेल तर त्या त्याला मोकळे रान देतात, शिवाय खुरांच्या आत सूज येऊन जनावर लंगडे होण्याची भीती पशुवैद्यकांना वाटते ती वेगळीच.

आता घोड्याच्या श्वासाविषयी थोडे सांगतो, कारण खोकल्याचे मूळ तिथे आहे. आपण नाक चोंदले की तोंडाने श्वास घेतो. घोड्याला ती सोय नाही, तो नाकानेच श्वास घेतो. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचे श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६ असतात, म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी. पण आपल्या एका श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते, त्याच्या एका श्वासात सुमारे ५ लिटर. भरधाव पळताना तर मिनिटाला दीड हजार लिटरच्या आसपास हवा त्याच्या छातीतून ये-जा करते. पळणारा घोडा प्रत्येक झेपेला एक श्वास घेतो, मधे थांबायला त्याला फुरसत नसते. निसर्गाने हे यंत्र मोकळ्या माळावर, खाली मान घालून चरणाऱ्या प्राण्यासाठी बनवले. आपण ते पत्र्याच्या कोठ्यात, कोरड्या चाऱ्याच्या ढिगाशेजारी बांधून ठेवतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. घोड्याला माणसासारखा उठसूट खोकला येत नाही. त्याची खोकल्याची जाणीव मुळात मंद असते. त्यामुळे घोडा वारंवार खोकत असेल तर आतली कुरबूर बरीच पुढे गेली आहे असे समजावे. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला जुनाट मानतात. "खाताना दोन-चारदा ठसकते, बाकी काही नाही" असे मालक सांगतो, तेव्हा पशुवैद्यकाचे कान टवकारतात ते यामुळेच.

असा जुनाट खोकला असताना ताप नाही, खाणे-पिणे ठीक आहे, पण चारा टाकला की ढास लागते आणि मोकळ्यावर नेले की कमी होते, अशी लक्षणे असली तर बहुधा तो घोड्याचा दमा असतो. माणसाच्या दम्याचे हे सख्खे भावंड. सर जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिला. ते स्वतः दम्याचे रोगी होते, आणि त्या ग्रंथात त्यांनी छाती भरलेल्या घोडीच्या फुप्फुसांचेही वर्णन केले आहे. म्हणजे ही जोडी डॉक्टरांच्या नजरेत आली त्याला तीनशे वर्षे उलटून गेली. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, कफ चिकट होतो, नळ्या आवळतात. आत घेतलेली हवा बाहेर टाकायला घोड्याला पोटाचा जोर लावावा लागतो. फार दिवस असे चालले की बरगड्यांच्या मागे, कुशीवर, स्नायूंची तिरपी रेघ उठून दिसू लागते. दर श्वासाला पोट दोनदा उचलल्यासारखे हलते, नाकपुड्या फुललेल्या राहतात. ही अवस्था येऊ देऊ नये.

ही सूज कशाने येते? धूळ, बुरशी आणि कोठ्यातला उग्र वास यांनी. आपल्या भागात याचा एक ठराविक हंगाम आहे, आणि वर सांगितलेले गृहस्थ नेमके त्याच हंगामात आले होते. पुसद तालुक्यात सोयाबीन निघते दसरा-दिवाळीच्या सुमारास. परतीचा पाऊस कधी कधी गंजीवरच गाठतो. मळणी होते, कुटार घरी येते, वरून कोरडे दिसते म्हणून कोपऱ्यात दाबून भरले जाते. आतली ओल तशीच राहते आणि महिन्याभरात ढीग आतून गरम होऊन बुरशी धरतो. मूठभर कुटार झटकले की राखाडी धूर उडतो. पुष्कळांना ती माती वाटते, पण त्यात बुरशीचे कोट्यवधी बीजकण असतात. ते इतके बारीक असतात की नाकातले केस आणि घशातला कफ चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. गाय-बैल हेच कुटार खातात आणि त्यांचे तितके बिघडताना दिसत नाही, म्हणून घोड्यालाही तेच टाकले जाते. पण घोड्याची श्वासनळी या धुळीला फार नाजूक आहे.

त्यात तोबऱ्याची भर. कोरडा भरडा, कोंडा किंवा कुटार तोबऱ्यात भरून तो घोड्याच्या तोंडाला बांधला की प्रत्येक श्वासाला ती धूळ आत ओढण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. वरातीला जाण्याआधी घाईघाईने पोट भरण्याची ही पद्धत सोयीची खरी, पण खोकणाऱ्या घोड्यासाठी याहून वाईट सोय मला सुचत नाही.

त्या गृहस्थांच्या घोडीला पशुवैद्यकांनी तपासले, तेव्हा ताप नव्हता, नाकातून पू नव्हता. त्यांनी औषधापेक्षा कोठ्याची चौकशी जास्त केली. चारा बदलला, जागा बदलली, थोडे औषध दिले. ढास कमी व्हायला तीन आठवडे लागले. पहिल्या दोन तारखा मालकाने दुसऱ्या घोडेवाल्याला दिल्या, हे मला विशेष आवडले.

घरी काय करायचे ते आता सविस्तर सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त रोजचा नेम लागतो.

चारा ओला करून द्या. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळवून, मग गव्हाणीत टाकावी. वरून चार शिंतोडे मारल्याने काम होत नाही, आतपर्यंत भिजली पाहिजे. भिजवलेला चारा आपल्या उन्हात लवकर आंबतो, म्हणून एका वेळेपुरताच भिजवा आणि उरलेला फेकून द्या. हरभरा भिजवूनच, कोंडा पाण्यात कालवून द्यावा. जमेल तितका हिरवा चारा द्या, मात्र बदल सावकाश, आठ-दहा दिवसांत करा. एकदम बदल केला की घोड्याच्या पोटात शूळ उठतो. बुरशी धरलेले कुटार भिजवूनही देऊ नये, ते टाकूनच द्यावे.

गव्हाण जमिनीलगत ठेवा. घोडा मान खाली घालून खातो तेव्हा छातीतला कफ उताराने नाकाकडे येतो आणि वाहून जातो. उंच टांगलेल्या चाऱ्याने हा निचरा थांबतो. याच कारणाने ट्रकमध्ये मान वर बांधून दूरचा प्रवास करवलेल्या घोड्यांना छातीचा गंभीर आजार होतो. लांबचा प्रवास असेल तर मधे थांबून त्याला मान खाली सोडू द्यावी, पाणी पाजावे.

कोठ्यात वारा खेळता हवा. थंडीत जनावर गारठेल म्हणून आपण पोत्यांनी सगळ्या फटी बुजवतो. घोड्याला थंडीपेक्षा कोंदटपणा जास्त बाधतो. त्याच्या अंगावर झूल टाका, पण हवा बंद करू नका. मुताची जागा रोज साफ झाली पाहिजे. एक सोपी परीक्षा सांगतो : पहाटे कोठ्यात शिरून घोडा बसतो तिथे उकिडवे बसा आणि चार-पाच दीर्घ श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाक झोंबले, तर रात्रभर घोडीने तीच हवा घेतली आहे. उभे राहून हा वास कळत नाही. मच्छर-माश्यांसाठी शेणीचा नि कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची आपल्याकडे रीत आहे. खोकला असेपर्यंत तो धूर बंद ठेवा. कोठ्यात विडीही ओढू नये.

झाडताना आधी घोडा बाहेर बांधा, जमिनीवर पाणी शिंपडा, मग झाडा, आणि धूळ बसल्यावर, तासाभराने त्याला आत घ्या. खराराही बाहेरच करावा. चाऱ्याचा ढीग त्याच्या डोक्यापाशी नको, जमल्यास वेगळ्या खोलीत ठेवा. आणि सगळ्यांत मोठे औषध म्हणजे घोडा दिवसाचा जास्तीत जास्त वेळ उघड्यावर, झाडाच्या सावलीत राहील असे बघणे. नगरपालिका हद्दीत जागेची अडचण असते हे मला कळते. तरी गावाबाहेर कोणाच्या वावराच्या कडेला चार तास बांधण्याची सोय बहुतेकांना करता येते.

हे सगळे करूनही फरक दोन दिवसांत दिसत नाही. दोन-तीन आठवडे लागतात, रोग जुना असेल तर महिने. आणि एकदा दमा झालेल्या घोड्याची छाती जन्मभर हळवी राहते. बरा वाटतो म्हणून पुन्हा धुळकट कुटार टाकले की काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत तेच पुन्हा सुरू होते. याउपर गरज पडली तर पशुवैद्यकांकडे श्वासनळी सैल करणारी व सूज उतरवणारी औषधे आहेत. माणसांसारखे श्वासातून घ्यायचे औषधही घोड्याच्या नाकाला मुखवटा लावून देता येते. पण धूळ चालू ठेवून औषध देणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

आता ज्या खोकल्याचे कारण धूळ नसते, त्याकडे वळू. ताप असेल, घोडा खाणे सोडत असेल, किंवा एकाच कोठ्यातली दोन-तीन जनावरे पाठोपाठ खोकू लागली, तर तो संसर्ग समजावा. घोड्याचा फ्लू असा पसरतो. २००८ साली जम्मूकडे कटरा येथे सुरू झालेली त्याची साथ पुढे अनेक राज्यांत गेली. कोवळ्या घोड्यांत जबड्याखाली गाठ येऊन ती पिकते आणि नाकातून पिवळा पू येतो, तो आणखी एक जंतुसंसर्ग. शिंगरांमध्ये पोटातल्या जंतांची पिल्ले फुप्फुसातून प्रवास करतात तेव्हाही खोकला येतो. गाढवांबरोबर एकाच कुरणात चरणाऱ्या घोड्यांना फुप्फुसातल्या एका जंताचा त्रास होतो. गाढव स्वतः ठणठणीत दिसते, खोकतो तो घोडा. म्हणून पशुवैद्यकाला शेजारच्या गाढवांबद्दलही आठवणीने सांगावे.

आपल्याकडचे घोडे बरेचदा बाजारातून येतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा नंदुरबारकडे सारंगखेड्याला ठिकठिकाणचे घोडे एकत्र येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रोगही येतात. यात्रेतून आणलेले जनावर तीन आठवडे घरच्या जनावरांपासून दूर बांधावे. त्याची बादली, तोबरा, खरारा, लगाम सगळे वेगळे ठेवावे आणि त्याचे काम करून आल्यावर हात साबणाने धुवावेत.

एका रोगाचे नाव मात्र जोर देऊन सांगतो, ते म्हणजे ग्लँडर्स. जुना खोकला, ताप, नाकातून चिकट, कधी रक्ताळलेला स्राव, नाकाच्या आत व्रण, पायांच्या किंवा अंगाच्या कातडीवर गाठी येऊन त्या फुटणे, ही त्याची लक्षणे. हा रोग माणसाला होतो आणि वेळीच ओळखला नाही तर जीव घेतो. इंग्रजांच्या काळात, १८९९ साली, या एका रोगासाठी वेगळा कायदा केला गेला होता. पुष्कळ वर्षे तो विस्मरणात गेल्यासारखा झाला आणि २००६ साली आपल्याच महाराष्ट्रात, पुणे-पाचगणी भागातल्या घोड्यांमध्ये पुन्हा आढळला. २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा संशयित जनावराची माहिती शासनाला देणे बंधनकारक आहे. रक्ताचे नमुने हरियाणातल्या हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीला जातात. रोग ठरला तर त्या जनावरावर उपचार करत नाहीत, त्याला वेदना न होता मारावे लागते आणि मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. या भीतीनेच काही जण लक्षणे लपवतात. घरातली पोरे त्याच घोड्याला पाणी पाजतात, एवढे जरी डोळ्यांपुढे आणले तरी लपवण्याचा विचार मागे पडावा.

विश्रांतीविषयी मालकांशी माझा नेहमी वाद होतो. ताप उतरला, खोकला थोडा कमी झाला की घोडा वरातीला जुंपला जातो. फ्लूनंतर श्वासनळीचे अस्तर पुन्हा नीट व्हायला निदान तीन आठवडे लागतात. जितके दिवस ताप होता तितके आठवडे विश्रांती द्यावी, असा पशुवैद्यकांचा जुना हिशोब आहे. तीन दिवस ताप, तर तीन आठवडे. वरातीत घोडा पळत नाही, चालतो, हे खरे. पण फटाक्यांचा धूर, जनरेटरचा धूर आणि दोन-तीन तास आखूड धरलेला लगाम हे अर्धवट बऱ्या छातीला कमी नाही. धंद्यातल्या लोकांनी एकमेकांच्या तारखा सांभाळून घेण्याचा रिवाज पाडला तर सगळ्यांचेच भले आहे.

आता माझ्या हद्दीतली गोष्ट. जी धूळ घोडी घेते, तीच तिचा मालक, मोतद्दार आणि चारा कापणारी घरची बाई घेते. बुरशीचे कुटार हलवल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप बरे वाटणे, असे वारंवार होत असेल तर तो मलेरिया नसून चाऱ्याच्या धुळीचा फुप्फुसविकार असू शकतो. इंग्रजीत त्याला शेतकऱ्याचे फुप्फुस असेच नाव आहे. दर वेळी सलाईन लावून घेण्यापेक्षा "ताप येण्याआधी मी कुटार भरत होतो" हे एक वाक्य डॉक्टरांना सांगितले तर निदान लवकर होते. वर्षानुवर्षे असे चालू राहिले तर फुप्फुस आकसते आणि ते पूर्ववत होत नाही. दुपट्टा तोंडाला बांधून हे बारीक कण अडत नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारा एन-९५ मास्क वापरा आणि चारा हलवण्याआधी भिजवा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर मात्र धुळीवर ढकलून मोकळे होऊ नका. आधी क्षयाची थुंकी तपासणी करून घ्या, ती सरकारी रुग्णालयात मोफत होते.

पशुवैद्यकाला बोलावण्याआधी एक वही करा. घोडा स्वस्थ उभा असताना त्याच्या कुशीकडे पाहत, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. खोकला खाताना येतो, झाडताना येतो की चालवताना, हे लिहा. चारा केव्हा बदलला, नवे जनावर केव्हा आले, नाकातून काय येते, एका नाकपुडीतून की दोन्हीतून, तेही लिहा. उभ्या-उभ्या श्वास मिनिटाला २० च्या वर राहू लागले तर दिरंगाई नको. ३० च्या वर गेले, नाकपुड्या फुलल्या, घोडा मान पुढे ताणून उभा राहिला, हिरड्या निळसर दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच तासाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधा, किंवा १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरवा. तोवर घोड्याला सावलीत, वाऱ्याच्या बाजूला उभे करा, लगाम-खोगीर काढा, पाणी समोर ठेवा आणि घशात काहीही ओतू नका.